बिनजोर घोडा

घड्याळं सुरू व्हायला अर्धं मिनिट उरलं असेल, आणि नेमकं तेव्हाच प्रणव सबनीस म्हणाला, "काकासाहेबांचा फोन आला होता परवा मला. बहुत देर बोलले." एवढं बोलून त्यानं हात पुढे केला. रणवीरनं सवयीनं तो हातात घेऊन हलवला, पंचांनी माइकवरून घड्याळं सुरू करायला सांगितलं, आणि देवासच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये चाळीस टेबलांवरचा आवाज एकदम बंद झाला. आता बोलायची सोय नव्हती. चार तास, कदाचित पाच तास, तोंडातून अक्षर काढता येणार नव्हतं. रणवीरच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायचं तर माणसानं नाश्त्याच्या वेळी बोलावं. पोहे काय, जिलेबी काय, चांगला वीस मिनिटं समोर उभा राहून खात होता गडी. नाहीतर डाव संपेपर्यंत तोंड शिवून बसावं. पण नाही. माणसाच्या कानात भुंगा सोडायचा आणि वर साळसूदपणे कॉफीच्या थर्मासचं झाकण उघडायला लागायचं. आपल्या चुलत्यांचा फोन? याला? कशाकरता? रणवीरनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि घड्याळाचं बटण जरा जास्तच जोरात दाबलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वर पाहिलं.

प्रणव मुद्दामच करतो, हे रणवीरचं मत आजचं नव्हतं. वीसेक वर्षं ते एकमेकांशी खेळत होते, भोपाळला, ग्वाल्हेरला, इंदूरला, आणि दर वेळी प्रणव काहीतरी करायचाच. एकदा डाव सुरू होताना त्यानं "तुझी गाडी बाहेर कोणीतरी हलवतंय," असं सांगितलं होतं. एकदा नुसतंच रणवीरच्या शर्टाकडे बघून हसला होता. त्यातलं काही खोटं नसायचं, गाडी खरंच हलवली जात होती आणि शर्टाला खरंच बटण नव्हतं, म्हणून तर तक्रारही करता यायची नाही. शिवाय मोहरी नीट करत बसायचं. आपली तर करायचीच, पण दोन्ही घोड्यांची तोंडं बरोबर समोरच्याकडे वळवून ठेवायची. रणवीरला लहानपणापासून ती घोड्याची तोंडं आवडायची नाहीत. आज तर ती दोन तोंडं त्याला फोनबद्दल काहीतरी माहीत असल्यासारखी वाटत होती. त्यानं दुसरी खेळी केली, तिसरी केली. सुरुवातीच्या खेळ्या पाठच होत्या, हात आपोआप करत होता, आणि डोकं तेवढ्या वेळात धारला जाऊन काकासाहेबांच्या खोलीत उभं राहिलं होतं.

आणि आज, आजच्या दिवशी हे नको होतं. आजचा डाव जिंकला की रणवीर मोहित्याचं रेटिंग बावीसशेच्या वर जाणार होतं. बावीसशे झाले की नावापुढे कॅन्डिडेट मास्टर लागतं, आणि एकदा लागलं की मरेपर्यंत कोणी काढून घेत नाही, पुढे कितीही हरा. बरोबरीनं भागणार नव्हतं. जिंकायलाच हवं होतं. जगाच्या दृष्टीनं हा किताब म्हणजे काही नव्हे, हे रणवीरला कोणी सांगायची गरज नव्हती. आता बारा वर्षांची पोरं तो खिशात घालून हिंडतात. पण तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, धारच्या पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होता, आणि अकरा वर्षं त्या आकड्याच्या उंबऱ्यावर उभा होता. एकवीसशे नव्वद, एकवीसशे साठ, एकवीसशे सत्त्याण्णव, पुन्हा एकवीसशे सत्तर. देवळाच्या रांगेत गाभाऱ्यापर्यंत पोचावं आणि पुजाऱ्यानं पडदा ओढावा, तसं अकरा वर्षं चाललं होतं. स्वप्नाली, त्याची बायको, काल बॅग भरताना म्हणाली होती, "बावीसशे झाले की काय होणार रे? पगार वाढणार का डी.ए. मिळणार?" तिनंच मग दोन स्वच्छ शर्ट बटणं तपासून बॅगेत ठेवले होते. तिला कळत होतं. ज्याला कळतं त्यानंच असं बोलावं आणि आपण ते ऐकून घ्यावं, याचीही चीड येतेच.

काकासाहेब उदाजीराव म्हणजे रणवीरचे सख्खे चुलते, आणि त्याचे गुरूही तेच. गुरू म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. ते म्हणत, मी शिकवत नाही, मी खेळतो, तुम्ही हरता. धारला मे महिन्यात त्यांच्या ओट्यावर सातआठ पोरं जमायची, आणि त्यांतच देवासचा प्रणवही असायचा, कारण त्याचं आजोळ दोन गल्ल्या सोडून होतं. त्याचे वडील सांगलीकडून देवासला कारखान्यात नोकरीला आलेले, घरी मराठी चोख. पण प्रणव हिंदी शाळेत गेला आणि त्याच्या बोलण्याची खिचडी झाली. काकासाहेबांना ती खपायची नाही. "घोड़ा नव्हे, घोडा. तो ड-खालचा नुक्ता घरी ठेवून यायचा," म्हणायचे. ते आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळत, पुस्तकंही वाचलेली होती, पण त्यांचा जीव देशी बुद्धिबळात होता, त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी धारच्या दरबारी मंडळींबरोबर खेळलेलं. देशी डावात प्यादं पहिल्याच खेळीला दोन घरं धावत नाही. ज्या घरात पोचेल त्या घराचंच मोहरं होतं, उगाच वजीर मागता येत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, समोरच्याचं शेवटचं मोहरं मारायचं नाही. ते मारलं आणि राजा उघडा पडला की बुर्जी झाली, डाव अर्धा. जिंकणाऱ्यालाच लाज. शेवटचं मोहरं जिवंत ठेवून, त्याच्यासकट मात करायची, आणि जमलं तर प्याद्यानं करायची, ही खरी मर्दुमकी. रणवीर लहानपणी दर वेळी ते शेवटचं मोहरं मारायचा. समोर दिसतंय, बिनजोर आहे, कोणी राखणारं नाही, तर का नाही मारायचं? काकासाहेब कपाळाला हात लावायचे. "गाढवा, जेवायला बसलेल्याचं ताट ओढतोस? बुर्जी, बुर्जी. ऊठ."

प्रणवनं उंट पुढे काढला. रणवीरनं त्यावर दहा मिनिटं घालवली, आणि त्यातली सहा तरी बुद्धिबळात गेली नाहीत. काकासाहेबांना गेल्या दिवाळीपासून विसरायला होत होतं. आधी नावं गेली, मग वार गेले. कधी काकींच्या मोबाइलवरून कोणालाही फोन लावायचे. जुन्या वहीत ज्याचा नंबर हाताला लागेल त्याला. एकदा तर गॅसवाल्याशी त्यांनी पाऊण तास दरबारी मराठीत गप्पा मारल्या होत्या, आणि तो बिचारा 'हाँ दादा, हाँ दादा' करत राहिला होता. म्हणजे प्रणवलाही असाच लागला असणार. मग त्यात एवढं बहुत देर बोलण्यासारखं काय होतं? डॉक्टर म्हणाले होते, जे येतंय ते रोज करायला लावा. येत होतं ते एकच. म्हणून राजाबाई काकींनी रणवीरला बोलावून घेतलं. त्या कधी कोणाकडे काही मागत नाहीत, आणि न मागणारं माणूस मागायला लागलं की नाही म्हणायची पंचाईत होते. "संध्याकाळी घटकाभर येत जा," त्या म्हणाल्या. घटकाभर! रोज सातला जायचं, आठ, साडेआठ, कधी नऊ. ऑफिसातून पाइपलाइनवाल्या ठेकेदारांशी भांडून यायचं, स्कूटर काकासाहेबांच्या दारात लावायची, आणि देशी नियमांनी बुद्धिबळ खेळायचं, जे जगात कोणी खेळत नाही. त्या वेळात घरी बसून तो हत्तीचे अंतिम डाव घोटणार होता, तशी वहीसुद्धा आणून ठेवली होती. इंदूरच्या एका तरुण मास्टरनं त्याला बजावलंही होतं, "सर, दो तरह का चेस मत खेलो. हाथ बिगड़ता है." हसला होता रणवीर. आपला हात काय आता बिघडायचा आहे?

पहिले काही महिने तो तिथेही चिडूनच बसायचा. काकासाहेबांना डावातलं सगळं आठवायचं. कुठल्या खेळीला उंट कुठे होता, मागच्या आठवड्यात त्यानं कोणती चूक केली. पण चहा घेतला की नाही हे आठवायचं नाही, आणि काकी तिसऱ्यांदा कप ठेवून जायच्या. शेवटचं मोहरं उरलं की रणवीरचा हात थांबायचा. आधी मुद्दाम थांबवायचा, कारण मारलं की बुर्जीवरून अर्धा तास ऐकावं लागायचं, आणि घरी जायला उशीर व्हायचा. मग हळूहळू थांबवावा लागेना. एक गोष्ट मात्र त्याला बरी वाटायची. लहानपणी दारात पाऊल टाकलं की "ये रे गाढवा" व्हायचं. आता काकासाहेब उठून उभे राहत, पंचा सावरत, "या. बसावं," म्हणत. हरले तर "छान खेळलात," म्हणत. रणवीरला वाटे, चला, चव्वेचाळिसाव्या वर्षी का होईना, म्हाताऱ्यानं मानलं. हे त्यानं स्वप्नालीलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं की मग चिडतोस कशाला.

मधला डाव सुरू झाला तसा रणवीर जागा झाला. प्रणवनं घाईत एक प्यादं पुढे ढकललं होतं आणि त्याच्या मागे एक घर कायमचं उघडं पडलं होतं. फार नव्हतं ते, पण रणवीरला दिसलं. यानंतर दोन तास तो खरोखर चांगला खेळला. पुढे कधी कोणी विचारलं असतं की तुला बुद्धिबळ येतं का, तर त्यानं हा दोन तासांचा भाग दाखवला असता. एक घोडा त्यानं त्या उघड्या घरात नेऊन बसवला, प्रणवचा उंट कोपऱ्यात कोंडला, वजीर मारामारी करून पटावरून काढून टाकले, आणि एक प्यादं वर आलं. मग दुसरं. प्रणव कॉफी पीत होता. प्रत्येक घोटाला एक आवाज यायचा, सुर्र, आणि नंतर 'हां' असा समाधानाचा उसासा. हरणाऱ्या माणसाला कसलं समाधान? रणवीर उठून पाण्याच्या कूलरकडे गेला. खिडकीतून देवीची टेकडी दिसत होती, रविवारची गर्दी पायऱ्यांवर हळूहळू सरकत होती. मनात आलं, देवी, एवढं एक. आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण डाव जिंकलेला होता, देवीला मध्ये घालायचं कारणच नव्हतं. परत येऊन बसला तर प्रणवनं त्याची मारलेली मोहरी टेबलाच्या कडेला उंचीनुसार लावून ठेवली होती.

डाव सोडून द्यायला हवा होता प्रणवनं. कोणीही सोडला असता. आजूबाजूची टेबलं रिकामी होत चालली, शिपाई खुर्च्या उचलायला लागला, दुपारच्या जेवणाचा वरणाचा वास मागच्या स्वयंपाकघरातून यायला लागला, आणि प्रणव खेळतच होता. एक हत्ती आणि एक प्यादं रणवीरकडे. प्रणवकडे नुसता एक घोडा. बाकी पट साफ. अशा डावात पंधरा खेळ्यांत निकाल लागतो, आणि रेटिंगवाला माणूस हात पुढे करून मोकळा होतो. सभ्यता म्हणून काही असते. पण प्रणव गालावर मूठ टेकवून पटाकडे असा बघत होता, जणू समोर भाजी मांडली आहे आणि कोणती घ्यावी ते ठरत नाही. घड्याळात दोघांकडेही मिनिटभरच उरलं होतं. प्रत्येक खेळीला तीस सेकंद वाढून मिळत, त्यावरच चाललं होतं. रणवीरच्या पाठीला घाम येऊन शर्ट खुर्चीला चिकटला होता. काय बोलले असतील काकासाहेब? त्यानं तो विचार दूर लोटला. प्यादं एक घर पुढे. बटण. प्रणवनं राजा हलवला. बटण. याला काय सांगितलं त्यांनी, जे मला सांगितलं नाही? मी रोज जातो. थंडीत गेलो, ताप असताना गेलो, याला दहा वर्षांत धार दिसलं नाही, आणि फोन याला. हत्ती एक घर बाजूला. बटण. प्रणवनं घोडा उचलला, हवेत जरा वेळ धरला, आणि ठेवला. ठेवून त्याचं तोंड बोटानं हळूच वळवलं, रणवीरकडे.

तो घोडा सरळ हत्तीच्या वाटेत ठेवला होता. बिनजोर. राजा लांब, राखणारं कोणी नाही, मध्ये एकही घर अडलेलं नाही. हत्ती उचलायचा, घोड्याच्या जागी ठेवायचा, संपलं. शाळेतल्या पोराला दिसेल. रणवीरलाही दिसलं. हे नंतर त्याला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की दिसलं होतं. बिनजोर आहे हे दिसलं, आणि शेवटचं आहे हेही त्याच क्षणी दिसलं, आणि हात हत्तीकडे निघालाच नाही. थांबला असंही म्हणता येणार नाही, कारण थांबायला आधी निघावं लागतं. मनात कसलाही विचार नव्हता. रोज संध्याकाळी सातनंतर त्या खोलीत जे एक शांत, रिकामं, सुखाचं वाटायचं, तेवढंच होतं: आता घाई नाही, आता प्याद्याकडे बघायचं, आता खरा डाव. कोणाची तक्रार नाही, ठेकेदार नाही, आकडा नाही. त्यानं प्यादं एक घर पुढे सरकवलं. मोठ्या समाधानानं सरकवलं. बटण दाबलं, आणि बोट बटणावर असतानाच तो लग्नाचा हॉल, ट्यूबलाइटची घरघर, वरणाचा वास, सगळं एकदम अंगावर आलं.

प्रणवनं वर पाहिलंसुद्धा नाही. घोडा उचलला आणि उडवला. राजाला शह, आणि त्याच उडीत हत्तीवर मारा. रणवीरचा राजा बाजूला झाला; होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घोड्यानं हत्ती खाल्ला. आता एकटं प्यादं, आणि त्याच्या वाटेत प्रणवचा राजा पाय पसरून बसलेला. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. रणवीर आणखी सातआठ खेळ्या खेळला. मग प्रणवनं प्यादं खाल्लं, पटावर एक घोडा आणि दोन राजे उरले, आणि पंचांनी येऊन बरोबरीवर दोघांच्या सह्या घेतल्या. "अरे मोहिते साहब, घोड़ा मुफ़्त में था," पंच हळूच म्हणाले. "नहीं दिखा," रणवीर म्हणाला. आंधळं ठरणं परवडलं. दुसरं काही सांगायला गेलं असतं तर लोकांनी खुळ्यात काढलं असतं.

बाहेर ऊन रखरखत होतं. समोर इंदूरच्या बसेस थांबतात तिथे चहाची टपरी होती. रणवीर तिथे जाऊन उभा राहिला, आणि दोन मिनिटांत प्रणव थर्मास काखेत मारून शेजारी येऊन उभा राहिलाच. त्यानं दोन कट चहा सांगितले. रणवीरला त्याला मारावंसं वाटत होतं. खरोखर, हातानं.

"बोल ना काहीतरी, भिया," प्रणव म्हणाला.

"काय बोलू? नशीब तुझं. असला घोडा कोणी सोडत नाही."

प्रणव चहात फुंकर घालत राहिला. मग म्हणाला, "नशीब नाही यार. मी ठेवलाच होता."

"काय?"

"मुद्दाम ठेवला. हरलो तर होतोच मी. कुठेही ठेवला असता, चार खेळ्यांत मरणारच होता. म्हटलं, हत्तीच्या तोंडातच ठेवून बघू. मारला तर मारला, नाही मारला तर..."

"मी का नाही मारणार? पागल आहे मी? अकरा वर्षं झाली मला, अकरा! आणि मी बिनजोर घोडा नाही मारणार, हे तुला कोणी सांगितलं?"

"काकासाहेबांनी," प्रणव म्हणाला.

टपरीवाल्यानं स्टोव्हला पंप मारला. रणवीरच्या हातातला ग्लास पोळत होता, पण खाली ठेवायचं सुचेना.

"परवा फोन आला ना, तेच बोलत होते पूरा टाइम. म्हणाले, हल्ली रोज सायंकाळी एक जण खेळायला येतो. म्हणाले, सगळं आयुष्य पोरांना सांगण्यात गेलं, शेवटचं मोहरं मारू नका, मारू नका. कोणी ऐकलं नाही. पण याला सांगावं लागत नाही. याचा हातच जात नाही तिकडे. असा खेळणारा वडिलांच्या नंतर पाहिला नाही, म्हणाले. मेरे तो रोंगटे खड़े हो गए, खरं सांगतो." प्रणवनं थर्मास दुसऱ्या काखेत घेतला. "मग आज तो घोडा हातात घेतला तेव्हा एकदम आठवलं. गलत किया हो तो बोल. पण डाव आहे यार. तूही केलं असतंस."

केलं असतं. रणवीरला ते नाकारता येईना, म्हणून आणखीच राग आला. पण त्या रागाच्या खालून काहीतरी वेगळंच वर यायला लागलं होतं आणि ते त्याला दाबता येत नव्हतं. वडिलांच्या नंतर पाहिला नाही. काकासाहेब असं म्हणाले. जन्मभर ज्यांच्या तोंडून गाढव सोडून दुसरं बिरुद मिळालं नाही, ते काकासाहेब. किताब गेला होता, पुन्हा त्या आकड्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील कोण जाणे, पोचेल की नाही तेही कोण जाणे, आणि तो मूर्खासारखा देवासच्या उन्हात उभा राहून आतल्या आत हरखला होता. त्याला हसूच फुटायला आलं. ओठ घट्ट मिटून त्यानं ते थोपवलं, कारण प्रणवसमोर हसणं म्हणजे त्याला माफ केल्यासारखं झालं असतं.

"खरंच असं म्हणाले?" त्यानं विचारलं. "माझ्याबद्दल? रणवीर म्हणून?"

प्रणवनं चहाचा घोट घेतला, पण या वेळी आवाज केला नाही.

"सांग ना."

"नाव नाही घेतलं त्यांनी," प्रणव म्हणाला. "मीच म्हटलं, काकासाहेब, वो तो रणवीर होगा. तर हसले. म्हणाले, छे छे, रणवीर नव्हे. रणवीर हावरट. समोर दिसलं की मारणारच तो, त्याला या जन्मात जमायचं नाही. आणि तो येतोच कुठे हल्ली, म्हणाले. मोठा माणूस झालाय, स्पर्धा असतात त्याला. कित्येक महिन्यांत तोंड दाखवलं नाही." प्रणवनं ग्लास खाली ठेवला. "हा कोणी दुसरा आहे, म्हणाले. चांगल्या घरचा दिसतो, मुकाट्यानं येतो, बसतो, खेळतो. मलाच विचारत होते, कोणाचा मुलगा रे हा? तुझ्या ओळखीचा आहे का?"

रणवीरनं हातातला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

"मग तू काय सांगितलंस?" रणवीरनं विचारलं.

"मैं क्या बोलता, यार. म्हटलं, हो, आहे ओळखीचा. म्हटलं, चांगला आहे."

इंदूरच्या बसचा कंडक्टर दरवाजा बडवत ओरडायला लागला. आत्ताची गाडी मिळाली तर इंदूरला धारची लगेच मिळत होती, आणि सातपर्यंत पोचता येत होतं. पुढच्या गाडीनं नऊ वाजले असते. मग काकासाहेब पट मांडून, पंचा सावरून, दाराकडे बघत बसले असते, आणि दोन तासांनी काकींनी सगळी मोहरी परत डब्यात भरली असती. जायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून पाहिलं. एक दिवस नाही गेलं तर काय होतं? कोणाची वाट बघत असतील ते? माझी तर नाही. मी येतच नाही. येत नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला! त्यानं प्रणवला एक खणखणीत शिवी दिली, प्रणवनं ती मान खाली घालून घेतली, आणि बस सुटलेली बघून रणवीर तिच्या मागे धावत सुटला. बॅग पाठीवर आपटत होती, कंडक्टर हात पुढे करून "आ जाओ, आ जाओ" करत होता, आणि धावता धावता त्या रोज संध्याकाळी काकासाहेबांकडे जाणाऱ्या मुलाचा त्याला भयंकर हेवा वाटला.